अकरा थाळ्यांचं बिल

मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या व्याजाचा हिशेब बघितला. आज हॉटेलच्या बिलाचा बघू.

आमच्या गटाला दहा वर्षं झाली, आणि त्याच महिन्यात बँकेच्या कर्जाचा शेवटचा हप्ताही फिटला. बैठकीत ठरलं, एकदा तरी सगळ्यांनी मोठ्या हॉटेलात जेवायचं. जन्मभर आपणच वाढतो, एक दिवस आपल्याला कुणीतरी वाढू दे. नफ्यातून ६,००० रुपये काढले, तसा ठराव लिहिला. जीपभाडं जिचं तिने.

जिल्ह्याच्या गावचं ते झुंबरवालं हॉटेल. आमच्या आक्का लेकीच्या लग्नातलं इरकल नेसून आलेल्या. पुढची टेबलं रिकामी होती, तरी आम्हाला बसवलं स्वयंपाकघराच्या दाराशी. वेटरने विचारलं, "पाणी साधं की बाटलीचं?" साधं म्हणायची मला लाज वाटली. पाच बाटल्या आल्या, एक ६० रुपयांना.

मेनूकार्ड इंग्रजीत. मी बीए, म्हणून ते माझ्याकडे सरकलं. गावरान थाळी ४४० रुपये. ती यायला पाऊण तास लागला. दोन मसाला पापड त्याआधीच संपले. पिठलं गार, वर पापुद्रा धरलेला. भाकरी एकच, तळहाताएवढी. आक्कांनी मोडून बघितली. "सकाळची हाय." भाकरीच्या बाबतीत आक्कांना कोण फसवणार! दुसरी मागितली तर वेगळे पैसे पडतील म्हणाला, मग कुणी मागितलीच नाही.

आणि मी गप्प. गटात 'विचारा, वाचा, मगच सही करा' असं सांगत फिरणारी मी, मान खाली घालून गार पिठलं गिळत होते. 'गावाकडच्या बायका, यांना काय कळतंय' असं त्याला वाटेल, याचीच भीती.

बिल आलं ६,३२९ रुपयांचं. सगळ्यांचे हात बटव्याकडे गेले. आक्का म्हणाल्या, "थांबा गं. एकेक ओळ वाच."

जेवण, पापड, पाणी मिळून ५,४८०. त्यावर सेवा शुल्क १० टक्के, ५४८. मग या दोन्हींवर ५ टक्के जीएसटी.

"सेवा? कुठली सेवा?" आक्कांनी वेटरलाच विचारलं.

तेव्हा मला कंठ फुटला. मैत्रिणींनो, जीएसटी सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो. सेवा शुल्क तसं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलने ते बिलात आपोआप लावायचं नाही, दुसरं नाव देऊनही नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. बिलात दिसलं तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

मॅनेजर आला. आधी म्हणाला, "आमच्याकडे पद्धतच आहे." मी मोबाइल काढून १९१५ दाबायला लागले, तर म्हणाला, "थांबा ताई." नवं बिल आलं ५,७५४ चं. पिठल्याचं सांगितलं त्यावर मात्र नुसता हसला. पाण्याचे ३०० गेलेच, ते माझ्या लाजेचे.

उरले २४६. पोट कुणाचंच भरलं नव्हतं. एसटी स्टँडवर चहा आणि गरम भजी घेतली, आणि आक्कांनी तिथल्या बाकड्यावरच माझ्याकडून खर्च लिहून घेतला.