त्वचा, ऊन आणि करडईचें तेल



वेड पांघरून पेडगांवास जाण्याची म्हण आपण सर्वांनीं ऐकिली आहे. तें पेडगांव भीमेच्या कांठचें. मी ज्या पेडगांवाहून आपणांशीं बोलावयास आलों आहें, तें परभणीजवळचें, काळ्या जमिनीचें, कापूस, सोयाबीन आणि करडई पिकविणारें. एवढा खुलासा आधींच केलेला बरा; कारण साठी उलटलेल्या शाळामास्तरानें चेहऱ्यावरील सुरकुत्यांवर व्याख्यान द्यावें, यांत कोणास थोडासा वेडाचा अंश दिसला तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

या विषयाकडे मी वळलों तो एका घरगुती प्रसंगामुळें. मला दोन बहिणी. थोरली पुण्यास दिलेली. तिचा जन्म घराच्या सावलींत गेला. धाकटी गांवांतच दिलेली. तिचा जन्म गेला शेताच्या बांधावर. दोघींच्या वयांत आठ वर्षांचें अंतर. दोन वर्षांपूर्वीं भाऊबिजेस दोघी शेजारीं शेजारीं बसल्या असतां एका नव्या पाहुणीनें धाकटीस आधीं वांकून नमस्कार केला आणि 'थोरल्या आपणच ना?' असें विचारलें. धाकटी हंसली. परंतु त्या रात्रीं ती आरशापुढें बराच वेळ उभी होती, हें माझ्या नजरेंतून सुटलें नाहीं. पुढच्या खेपेस थोरलीच्या नातीनें तिच्यासाठीं शहरांतून एक लहानशी कुपी आणिली. आंत 'क' जीवनसत्त्वाचें पाणी, वर ठळक अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द, आणि किंमत अशी कीं तेवढ्यांत धाकटीच्या घरचें महिन्याचें तेलमीठ आलें असतें. 'दादा, हे लावून खरंच काही होतं का?' असें तिनें मला विचारलें. जन्मभर मुलांस प्रश्न विचारले. या एका प्रश्नाचें उत्तर मात्र मजजवळ नव्हतें. तें शोधतांना जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

आरंभ करडईच्या तेलापासून करणें सोईचें आहे. आमच्या भागांत तें पिढ्यान्‌पिढ्या खाण्यांत आहे. परभणीच्या कृषि विद्यापीठानें काढलेल्या करडईच्या एका वाणाचें नांवच 'परभणी कुसुम' आहे. या तेलाचा फार मोठा भाग लिनोलीक नांवाच्या आम्लाचा असतो, आणि हें आम्ल हवेंतील प्राणवायूशीं सहज संयोग पावतें. डबा उघडा राहिला, उन्हांत राहिला, कीं तेल खवट झालेंच म्हणून समजावें. हा खवटपणा पसरतो कसा, तें मोठें पाहण्यासारखें आहे. एक कण बिघडला कीं तो शेजारच्यास बिघडवितो, तो त्याच्या शेजारच्यास. कुंपणास लागलेली आग एका काटकीवरून दुसरीवर जावी तशी ही साखळी चालते. अशा बिघडविणाऱ्या कणांस शास्त्रज्ञ मुक्त मूलक म्हणतात. त्यांच्याजवळ एका इलेक्ट्रॉनाची उणीव असते आणि ती ते शेजाऱ्याकडून हिसकून भागवितात. तरीसुद्धां घाण्यांतून निघालेलें तेल लागलींच खवट होत नाहीं, याचें कारण निसर्गानेंच त्यांत 'ई' जीवनसत्त्व घालून ठेविलें आहे. तें आपल्या पदरचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतें आणि साखळी तेथेंच तुटते. अँटिऑक्सिडंट म्हणतात तें हेंच. मी त्यास राखणदार म्हणेन. मात्र हा राखणदार झुंजींत स्वतः खर्ची पडतो, एवढें ध्यानांत असूं द्यावें. पुढें त्याचें काम आहे.

आपल्या त्वचेंतही स्निग्ध द्रव्यें आहेत आणि त्यांच्या पहाऱ्यास तेंच 'ई' जीवनसत्त्व आहे. तें खर्ची पडलें कीं त्यास पुन्हां उभें करण्याचें काम 'क' जीवनसत्त्व करतें. वार्धक्याचें मूळ या मुक्त मूलकांत असावें, ही कल्पना १९५६ सालीं डेनम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञानें मांडली. सर्व शरीराच्या बाबतींत ती जशीच्या तशी टिकली नाहीं. परंतु त्वचेपुरतें पाहिलें तर तींत पुष्कळ तथ्य आहे, कारण त्वचेच्या शत्रूचा पत्ता आपणांस नीट ठाऊक आहे. तो शत्रू म्हणजे ऊन.

२०१२ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकांत एका ६९ वर्षांच्या गृहस्थाचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. त्यानें २८ वर्षें मालाची मोटार चालविली होती. अमेरिकेंत चालकाची बैठक डावीकडे असते, आणि डाव्या खिडकीचें ऊन त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर रोज पडत असे. त्या बाजूची कातडी जाड, लोंबलेली आणि सुरकुत्यांनीं भरलेली. उजवी बाजू जणूं त्याच्या धाकट्या भावाची. माणूस एक, आईबाप एक, अन्न एक; भेद काय तो उन्हाचा. आमच्या दोन बहिणींचा निवाडा त्या एका चेहऱ्यावर झालेला पाहून मी किती तरी वेळ तें चित्र खालीं ठेवूं शकलों नाहीं. उन्हांतील जे जंबुपार किरण त्वचेंत खोल जातात, त्यांस खिडकीची कांच पुरतीशी अडवीत नाहीं, हेंही त्यावरून कळलें.

हे किरण आंत शिरले म्हणजे मुक्त मूलकांची झुंबड उडते आणि त्वचेंत अशीं कांहीं द्रव्यें निपजतात कीं, तीं कोलॅजेनाचे धागे तोडूं लागतात. कोलॅजेन म्हणजे त्वचेच्या बाजेची नवार. ती ताठ आहे तोंवर बाज ताठ. ती झिजली कीं बाज झोळली. आपल्या सांवळ्या वर्णास काळ्या रंगद्रव्याचें थोडें संरक्षण असल्यामुळें सुरकुत्या उशिरा येतात. परंतु वांग आणि काळे डाग आपल्याकडे लवकर येतात, आणि बायकांचा जीव त्यांनींच अधिक खालींवर होतो.

आतां ती कुपी. 'क' जीवनसत्त्वाखेरीज कोलॅजेन नीट विणलें जात नाहीं. जुन्या काळीं खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई तें याच्याच अभावीं. हें द्रव्य सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं वेगळें काढलें. १९३७ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां तें त्वचेस उपयुक्त आहे, यांत शंका नाहीं. शंका आहे ती तें वरून लावलें असतां आंत जातें कीं नाहीं याची. त्वचा ही मुळीं बाहेरचें बाहेरच ठेवण्यासाठीं केलेली भिंत आहे. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं डुकराच्या कातडीवर प्रयोग करून दाखविलें कीं, द्रावण चांगलें आंबट असेल तरच हें जीवनसत्त्व आंत शिरतें, आणि शेंकडा वीसांपलीकडे त्याचें प्रमाण वाढवून कांहीं लाभ नाहीं. २००५ सालीं याच मंडळींनीं 'क' आणि 'ई' यांच्या जोडीस फेरुलिक आम्ल दिलें, तेव्हां उन्हापासून होणारें संरक्षण दुप्पट झालें. हें फेरुलिक आम्ल कोठें सांपडतें? गव्हाच्या आणि तांदळाच्या कोंड्यांत! जो कोंडा आपण चाळून गुरांपुढें टाकितों, त्यांतलें द्रव्य चिमुकल्या कुपींत बसून शहरांतून परत येतें. अर्थात् कोंडा तोंडास फांसल्यानें तें काम होईल, असा माझा दावा नाहीं; तेथें तें धान्याच्या तंतूंस घट्ट चिकटलेलें असतें.

आमची कुपी आली तेव्हां पाण्यासारखी स्वच्छ होती. धाकटीनें ती जपून, म्हणजे खिडकीच्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारीं ठेविली. दोन महिन्यांत पाणी चहाच्या रंगाचें झालें. राखणदार पेटींतच लढून मेले होते, आणि ती बिचारी तें पाणी रोज तोंडास लावीत होती.

'मग आपली हळद काय वाईट?' असें कोणी विचारील. आमच्या शेजारीं वसमतची हळदीची मोठी बाजारपेठ आहे, तेव्हां हळदीविषयीं वांकडें बोलण्याची मला भीतीच वाटते. जखमेवर हळद लावण्याच्या युक्तीचें एकस्व १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रास मिळालें होतें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असतांना, जुने ग्रंथ पुढें करून ही गोष्ट नवी नाहीं असें सिद्ध केलें आणि १९९७ सालीं तें रद्द झालें. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु तो वाद जखमेचा होता, सुरकुत्यांचा नव्हे. हळदींतील कर्क्युमिन हें परीक्षानळींत उत्तम राखणदार आहे. पण तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, त्वचेंत फारसें शिरत नाहीं, आणि उजेडांत टिकत नाहीं. यासाठीं प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. धोतरावर पडलेला हळदीचा डाग उन्हांत वाळविला कीं फिका होतो, हें कोणतीही गृहिणी सांगेल. जो राखणदार स्वतःच उन्हापुढें पळतो, त्याच्या भरंवशावर उन्हांत जाणें शहाणपणाचें नव्हे. लिंबाचें तर त्याहून वाईट. लिंबाचा रस तोंडास लावून उन्हांत गेलें असतां कातडी भाजून काळे डाग पडूं शकतात. 'नैसर्गिक' हा शब्द ऐकतांच निर्धास्त होणाऱ्यांनीं एवढें तरी लक्षांत ठेवावें. आंवळा खावा, पेरू खावा. त्यांतलें 'क' रक्तावाटे त्वचेस पोंचतें. पण पोट भरलेल्या माणसानें जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मारा केला तर जास्तीचें बहुतेक लघवीवाटे निघून जातें.

सर्वांत बोलकी हकीकत ऑस्ट्रेलियांतील नॅम्बर या गांवची. तेथें १९९२ पासून साडेचार वर्षें ५५ वर्षांखालील ९०३ माणसांवर प्रयोग झाला. कांहींनीं ऊन अडविणारा मलम चेहरा, मान आणि हात यांस रोज नेमानें लावावा. इतरांनीं मनास येईल तेव्हां. शिवाय निम्म्यांस गाजरांतल्या बीटा-कॅरोटिन या राखणदाराच्या गोळ्या, निम्म्यांस नुसत्याच गोळ्या. हाताच्या पाठीच्या कातडीचे ठसे घेऊन आधींची आणि नंतरची स्थिति ताडून पाहिली. २०१३ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: नेमानें मलम लावणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षां शेंकडा २४ नें कमी जून झाली होती. गोळ्यांचा कांहींएक परिणाम आढळला नाहीं. याच बीटा-कॅरोटिनाच्या गोळ्या फिनलंडांत हजारों धूम्रपान करणाऱ्यांस दिल्या असतां त्यांच्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला, हें १९९४ सालींच उघड झालें होतें.

म्हणजे ऊन आंत शिरल्यावर राखणदारांची फौज उभी करण्यापेक्षां वेशीवरच तें अडविणें अधिक फळतें. कुपी ताजी, आंबट आणि अंधारांत ठेविलेली असेल तर ती त्या कामीं थोडा हातभार लावील, इतकेंच. हें मी धाकटीस सांगितलें. पण मलमही कुपीसारखाच महाग, आणि घामानें निथळणाऱ्या बाईनें तो दर दोन तासांनीं लावावा कसा?

उपाय तिच्याच घरीं खुंटीवर होता. करडईस तीक्ष्ण कांटे असतात. म्हणून ती पहांटे, दंवानें कांटे मऊ असतांना काढितात, आणि काढणाऱ्या बाया अंगांत पुरुषाचा पुऱ्या बाह्यांचा सदरा घालून तोंड फडक्यानें बांधून घेतात. तीस-पस्तीस वर्षें माझी बहीण करडईच्या आठ-दहा दिवसांत मेव्हण्यांचा जुना सदरा घाली, आणि मळणी होतांच तो धुऊन खुंटीस लावी. बाकीचें वर्षभर, निंदणीस, कापूस वेंचावयास, ती उघड्या हातांनीं भर दुपारीं वांकलेली असे. कांट्यांस जपणें ठाऊक होतें. उन्हास जपावयाचें असतें, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें, आणि घरांत मास्तर असून मीही नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत सोयाबीनच्या निंदणीस ती तोच सदरा घालून निघाली. बरोबरच्या बाया हंसल्या. 'आता करडई कुठंय, काकू?' असें एकीनें विचारलें. तिनें कांहीं उत्तर दिलें नाहीं. मात्र दुसऱ्या आठवड्यांत तिची सूनही आपल्या नवऱ्याचा सदरा अंगांत घालून बांधावर उतरलेली मीं पाहिली.