उशिराची किंमत कोणाच्या माथी?

(नारायणगाव येथे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



विमानाचा उशीर हा श्रीमंतांचा प्रश्न, असे म्हणून कार्यकर्त्यांनी तो सोडून देऊ नये. परप्रांतात नोकरी करणारा येथल्या शेतकऱ्याचा मुलगाही आज लोहगावहून विमानाने जातो. वाहतुकीच्या कोंडीतून तेथे पोहोचायला दोन-अडीच तास, उड्डाण दीड तासाचे आणि वर दोन तासांचा खोळंबा. मग वाचलेला वेळ उरला कोठे?

हा उशीर केवळ आभाळातून पडत नाही. लहान पल्ल्याचे एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते आणि दोन फेऱ्यांत जेमतेम अर्धा-पाऊण तास ठेवला जातो. सकाळी दिल्लीच्या धुक्यात गेलेला तास रात्रीच्या फेरीपर्यंत साचत येतो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, म्हणून धावपट्टी दुसरी झाली नाही. राखीव विमान व राखीव वैमानिक ठेवण्यास पैसा पडतो. कंपनी तो वाचवते आणि तूट प्रवाशाच्या खात्यावर मांडते.

डिसेंबर २०२५ मध्ये हे उघड झाले. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम त्याच वर्षी लागू झाले होते. इंडिगोने त्या प्रमाणात वैमानिकांची तरतूद केली नाही आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक या एका कंपनीच्या हाती होते. म्हणून शासनाने काही नियमच तात्पुरते शिथिल केले. श्रमिकाची विश्रांती मक्तेदारीपुढे अशी हरते.

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही विमाने उशिरा सुटत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मालकी कोणाचीही असो, जाब विचारणारा नसेल तर घड्याळाकडे कोणी पाहत नाही. युरोपात २००९ च्या न्यायालयीन निर्णयाने तीन तासांच्या उशिरालाही रोख भरपाई लागू झाली. आपल्याकडे उशिराबद्दल अल्पोपाहार, सहा तासांपुढे पर्यायी विमान किंवा परतावा आणि काही प्रसंगी हॉटेल, एवढीच तरतूद आहे.

आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातील मजूर एस.टी.ची वाट पाहत बसतो, तेव्हा त्याचा बुडालेला रोज तर कोणत्याच ताळेबंदात येत नाही. भरपाईची मागणी विमानतळावर थांबता कामा नये, ती एस.टी.च्या थांब्यापर्यंत आली पाहिजे. वेळ हे गरिबाचे एकमेव भांडवल आहे. ते वाया घालवणाऱ्याने त्याचा हिशेब दिलाच पाहिजे.