इतिहासाचा अर्थ : श्रद्धेची दृष्टी आणि संशोधकाची दृष्टी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात भद्रावती येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की स्वाभाविकपणेच आपण मागे वळून पाहतो. कोणी पाया घातला, कोणी तन-मन-धनाने सेवा केली, कोणत्या अडचणींतून मार्ग निघाला, याचे स्मरण होते. स्मरणिका काढणे हे एक प्रकारे इतिहासलेखनच आहे. म्हणून या प्रसंगी मी एक मूलभूत प्रश्न आपणापुढे ठेवू इच्छितो. घडून गेलेल्या गोष्टींना काही अर्थ असतो काय? आणि असल्यास तो कोणी सांगावा, श्रद्धावंताने की संशोधकाने?

या प्रश्नासाठी भद्रावतीइतके योग्य स्थान शोधून सापडणार नाही. या नगरीला अनेक स्मृती आहेत. अश्वमेधाच्या श्यामकर्ण घोड्यासाठी भीम ज्या यौवनाश्वाच्या भद्रावतीत आला ती नगरी हीच, असे इथली परंपरा मानते. भद्रनागाच्या मंदिरात हजारो भाविक श्रद्धेने जातात. विजासन टेकडीतील कोरीव लेण्यांत भगवान बुद्धांच्या मूर्ती आहेत. आणि आपल्या हृदयाजवळची कथा तर सर्वज्ञात आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाच्या व्यवस्थापकांना स्वप्न पडले. स्वप्नात नागाने दाखविलेल्या मार्गाने ते भांदकच्या रानात आले आणि त्यांना पार्श्वप्रभूंच्या मूर्तीचे दर्शन घडले. म्हणूनच हे 'स्वप्नदेव' केसरिया पार्श्वनाथ.

आता दुसऱ्या प्रकारची साक्ष पाहा. १८७० च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे जनरल कनिंगहॅम येथे आले. त्यांनी लेणी, मंदिरांचे अवशेष आणि तलावातील जुना दगडी पूल यांची नोंद केली. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने वर्णिलेल्या कोसल देशाच्या राजधानीशी भांदकचा संबंध जोडला गेला. पुढे अभ्यासकांचा कल छत्तीसगडातील सिरपूरकडे वळला. राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्णराज याचे शके ६९४, म्हणजे इ. स. ७७२ चे ताम्रपट येथे सापडले. त्यातील दान सूर्यमंदिरासाठी आहे. नागपूरच्या संग्रहालयातील भवदेव रणकेसरीचा बौद्ध शिलालेख बराच काळ भांदकचा समजला जात असे. तो मूळचा आरंगचा, असे नंतरच्या संशोधकांनी मांडले.

म्हणजे संशोधकाचे भांदक बदलत राहते. नवा पुरावा आला की जुने अनुमान मागे पडते. श्रद्धावंताची भद्रावती मात्र स्थिर राहते. या दोघांचे नाते काय, हा आजचा विषय.

पाश्चात्त्य जगात या प्रश्नाला एक विशिष्ट वळण मिळाले. इ. स. ४१० मध्ये रोम नगरी लुटली गेली, तेव्हा संत ऑगस्टीन यांनी प्रतिपादन केले की राज्ये उदयाला येतात आणि लयाला जातात, परंतु ईश्वराची योजना अखंड चालू असते. सृष्टीची उत्पत्ती हा त्या योजनेचा आरंभ आणि अंतिम न्याय हा शेवट. अठराव्या शतकात व्हॉल्टेअरने ईश्वराला या चित्रातून बाजूला सारले आणि मानवी बुद्धीची प्रगती त्या जागी बसविली. एकोणिसाव्या शतकात मार्क्सने उत्पादनाची साधने आणि वर्गसंघर्ष यांत इतिहासाची गती शोधली. विचार उलट दिशेचे. पण एक गोष्ट दोघांनी सोडली नाही. इतिहास कोठेतरी निघाला आहे आणि त्याचा अर्थ त्या मुक्कामावर कळेल, ही समजूत कायम राहिली. आपल्या महाराष्ट्रातही प्रार्थना समाजाचे न्यायमूर्ती रानडे इतिहासात ईश्वरी सूत्र पाहत, तर इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत आणि अस्सल कागदाविना बोलू नये असा आग्रह धरीत.

जैन दर्शनाची भूमिका या दोन्ही छावण्यांत बसत नाही, हे आपण अभिमानाने नव्हे, तर समजून घेऊन लक्षात ठेवावे. आपल्याकडे जगाचा कर्ता ईश्वर नाही. त्यामुळे इतिहासामागे कोणाची योजनाही नाही. कालचक्र उत्सर्पिणी आणि अवसर्पिणी अशा क्रमाने आपोआप फिरते. सध्याचा दुषमा हा पाचवा आरा एकवीस हजार वर्षांचा सांगितला आहे. म्हणजे 'उद्या आजपेक्षा निश्चित चांगला' हे प्रगतिवाद्यांचे आश्वासनही आपण देत नाही. मग अर्थ कोठे राहिला? तो जीवाच्या पुरुषार्थात राहिला. काळ अनुकूल असो वा प्रतिकूल, जीव जे करतो त्याचे फळ त्याचे आहे. इतिहासाचा अर्थ शेवटच्या मुक्कामावर लिहून ठेवलेला नाही. तो वाटेतल्या प्रत्येक आचरणात घडतो किंवा बिघडतो.

काळानुसार बदल होतो, हेही आपल्या परंपरेने झाकून ठेवले नाही. उत्तराध्ययन सूत्रातील केशी-गौतम संवाद आठवावा. पार्श्वप्रभूंच्या परंपरेचे केशीकुमार श्रमण गौतमस्वामींना विचारतात की ध्येय एकच असताना पार्श्वप्रभूंनी चार याम सांगितले आणि महावीर प्रभूंनी पाच महाव्रते, असे का? गौतमस्वामींच्या उत्तराचा आशय असा की निरनिराळ्या काळांतील माणसांचा स्वभाव आणि आकलन निरनिराळे असते, म्हणून नियमांची मांडणी बदलते. ध्येय बदलत नाही. धर्मग्रंथात इतकी स्वच्छ ऐतिहासिक जाणीव क्वचितच आढळते.

दुसरे उदाहरण दगडावरचे आहे. ऐहोळ येथील मेगुटी जिनालय बांधविणारे कवी रविकीर्ती जैन होते. दुसऱ्या पुलकेशीची तेथील सुप्रसिद्ध प्रशस्ती त्यांचीच. तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतील नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख तीत आहे. काळ देताना रविकीर्तींनी दोन गणना शेजारी शेजारी कोरविल्या. भारतयुद्धापासून ३७३५ वर्षे आणि शकराजांची ५५६ वर्षे. एक पुराणाचा काळ, दुसरा राजदप्तराचा. रविकीर्तींना एकीसाठी दुसरी पुसावीशी वाटली नाही.

आता या विषयाचे सर्वांत जिवंत उदाहरण सांगतो. ते मराठी आहे, आणि त्याचा शेवट आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात झालेला आहे. ते उदाहरण एका पित्याचे आणि पुत्राचे.

पिता धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातील सांखवाळ. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून ते पुणे, काशी, नेपाळ असे करीत सिंहलद्वीपात पोहोचले आणि बौद्ध भिक्षू झाले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादन केले. पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७. ते गणितज्ञ, मार्क्सवादी आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारे विद्वान होते. त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना हा इंग्रजी ग्रंथ १९५६ चा.

दोघांपुढे प्रश्न एकच होता. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या आसपास मगधाच्या परिसरात अहिंसेचा उपदेश एवढा प्रभावी का झाला?

पित्याने उत्तर शोधले ते नीतीच्या विकासात. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' या त्यांच्या निधनानंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ते म्हणतात की अरण्यातले ऋषिमुनी स्वतःपुरती अहिंसा पाळत होते; पार्श्वनाथांनी तिला सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह यांची जोड दिली, संघ उभा केला आणि ती लोकांत नेली. बुद्धांच्या मार्गाचे मूळही त्यांनी या चातुर्यामात पाहिले. एका बौद्ध पंडिताने पार्श्वप्रभूंना दिलेले हे स्थान आपण विसरता कामा नये.

पुत्राने उत्तर शोधले ते शेतीत आणि व्यापारात. लोखंडी अवजारे आली, जंगले तुटली, नांगराची शेती वाढली. यज्ञात मोठ्या संख्येने गुरे मारणे शेतकऱ्याला परवडेना. सार्थवाहांना निर्भय रस्ते हवे होते, टोळीटोळींतील वैर नको होते. अशा समाजाला अहिंसेचा उपदेश पटला, असे दामोदरपंतांचे विवेचन. सह्याद्रीतील लेणी व्यापारी मार्गांच्या कडेला का आहेत, हे त्यांनी स्वतः पायी हिंडून दाखविले.

आपल्यातील व्यापारी बांधवांना या उत्तराने दचकण्याचे कारण नाही. बी कोणत्या जमिनीत रुजले हे पुत्राने सांगितले. बी काय होते, हे पित्याने सांगितले. जमिनीचे परीक्षण केल्याने बीजाची थोरवी कमी होत नाही. मात्र नुसत्या जमिनीतून झाड उगवत नाही, हेही तितकेच खरे. व्यापाऱ्यांना शांतता हवी होती, एवढ्यावरून सर्वस्वाचा त्याग करणारे तीर्थंकर का जन्माला आले याचा उलगडा होत नाही.

येथे एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धर्मानंदांनी प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयी काढलेल्या निष्कर्षांमुळे जैन समाज दुखावला गेला आणि त्यांना तीव्र विरोध झाला. ते निष्कर्ष आपल्या आचार्यांना आणि विद्वानांना मान्य झाले नाहीत. परंतु त्याच धर्मानंदांनी वार्धक्यात, शरीर सेवेस असमर्थ झाले असे जाणून, आहारत्यागाचा निश्चय केला. पहिल्या वेळी गांधीजींच्या आग्रहावरून त्यांनी उपोषण सोडले. अखेर सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी अनशनाने, शांत चित्ताने त्यांनी देह ठेवला. ज्या परंपरेने त्यांच्याशी वाद केला, तिचाच अंतिम मार्ग त्यांनी पत्करला. आपण ग्रंथांचा प्रतिवाद ग्रंथाने करावा. पण माणसाच्या निष्ठेची पारख त्याच्या एका निष्कर्षावरून करू नये.

मग श्रद्धावंत आणि संशोधक यांचा मेळ कसा घालावा? अनेकांतवादाचे नाव घेऊन 'दोघेही आपापल्या जागी बरोबर' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो अनेकांत नव्हे, ती टाळाटाळ झाली. नय म्हणजे विशिष्ट अपेक्षेने केलेले कथन, आणि प्रत्येक नयाला मर्यादा असते. मूर्ती कोणत्या शतकातील, लेख कोणाचा, हे प्रश्न पुराव्याचे आहेत. तेथे श्रद्धावंताने पुराव्यापुढे नम्र व्हावे. त्या मूर्तीपुढे उभे राहून क्रोध शमला की नाही, हा प्रश्न संशोधकाच्या कक्षेबाहेरचा आहे. तेथे त्याने मौन पाळावे. पुराव्याला भिण्याचे आपल्याला कारणही नाही. हर्मन याकोबी या जर्मन विद्वानाने एकोणिसाव्या शतकात बौद्ध ग्रंथांतील चातुर्यामाच्या उल्लेखाच्या आधारे निर्ग्रंथ परंपरा महावीर प्रभूंच्याही आधीची असल्याचे दाखविले. पार्श्वप्रभूंचे ऐतिहासिक अस्तित्व सर्वसाधारणपणे मान्य झाले, ते अशा परीक्षणातून.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. इतिहास हा जेव्हा मालकीचा दाखला बनतो, तेव्हा श्रद्धा आणि संशोधन दोन्हींची हानी होते. जेथून आपल्या तीर्थाचे स्वप्न निघाले, त्या शिरपूरचेच पाहा. दिगंबर आणि श्वेतांबर बांधवांमधील तेथील वाद १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. पुढे १९८१ पासून मंदिर बंद राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. कोणाचा पक्ष न्याय्य, हा माझा विषय नाही. दोन्हीकडे निष्ठावान माणसे होती, दोन्हीकडे इतिहासाचे पुरावे होते. पण बेचाळीस वर्षांत एक पिढी लहानाची मोठी झाली आणि तिने प्रभूंचे दर्शन घेतले ते बंद दाराबाहेरून. अपरिग्रहाचा उपदेश करणाऱ्यांनी भूतकाळाचाही परिग्रह करू नये, हा धडा आपण दोघांनीही घ्यावा.

भद्रावतीत याची आठवण विशेष हवी. विजासनची लेणी, भद्रनागाचे मंदिर आणि पार्श्वप्रभूंचे तीर्थ एका गावात नांदतात. येथे 'आधी कोण' या प्रश्नाने काहीच साधणार नाही. 'एकमेकांच्या शेजारी कसे राहिले' हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती एवढीच. आपल्या ट्रस्टची जुनी इतिवृत्ते, हिशेबाच्या वह्या, देणगीच्या पावत्या, जीर्णोद्धाराची छायाचित्रे सांभाळून ठेवावीत, त्यांची सूची करावी. वृद्धांच्या तोंडच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात. स्वप्नाची कथा कथा म्हणून आदराने लिहावी, पावती पावती म्हणून जपावी. एकीच्या जागी दुसरी बसवू नये. रविकीर्तींनी दोन गणना जशा शेजारी ठेवल्या, तशाच या ठेवाव्यात.

आज या गावाच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि अहिंसेचे हे तीर्थही आहे. पुढे कोणी इतिहासकार येईल तेव्हा तो खाणीतून किती कोळसा निघाला याची नोंद करील, ट्रस्टकडे किती निधी जमला याचीही करील. दामोदरपंतांचा वारसदार असेल तर तो विचारील की हा निधी कोणत्या व्यवहारातून आला. धर्मानंदांचा वारसदार असेल तर विचारील की चार यामांपैकी कोणता याम या लोकांनी व्यवहारात उतरविला. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे आपल्या पुढील पन्नास वर्षांच्या आचरणात लिहिली जाणार आहेत.