बाळंतिणीच्या खोलीतला बाप

निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या मळ्यात पहिलं बाळ येणार असलं की कामं वाटून द्यावी लागत नाहीत, ती ठरलेलीच असतात. डोहाळजेवण उरकलं की लेक माहेरी येते. तिची आई डिंकाचे, अळिवाचे लाडू वळते. पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा, सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवून रात्रभर दिवा तेवत ठेवायचा, हे घरातल्या म्हातारीचं काम. बारशाला पाळण्याखालून-वरून वरवंटा द्यायचा तो बायांनी. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं ते आत्यानं, आणि पाठीवर धपाटे खायचे तेही तिनंच. पुढं वणीच्या गडावर नाहीतर आपापल्या कुलदैवताला जावळ काढायचं, तर बाळाला मांडीवर घ्यायचा मान मामाचा. सासरहून बाळंतविडा येतो, त्यात खारीक, खोबरं, अंगडं-टोपडं असतं.

या सगळ्यात बाळाचा बाप कुठे असतो? तो सासुरवाडीला पाहुणा म्हणून येतो. बैठकीत बसतो, चहा घेतो. कुणीतरी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणून दाखवतं. तो हात पुढे करतो न करतो तोच, ‘राहू द्या दाजी, तुम्हाला नाही जमायचं, मान धरत नाही अजून’ असं म्हणून बाळ पुन्हा आत जातं. संध्याकाळच्या आत दाजी आपल्या गावाला परत.

जुन्या ग्रंथांत मात्र बापाला असं दाराबाहेर ठेवलेलं नाही. गृह्यसूत्रांतल्या जातकर्मात बापच सोन्यानं मध-तूप बाळाच्या ओठी लावतो आणि त्याच्या कानाशी मंत्र म्हणतो. पारस्कर गृह्यसूत्र तर सांगतं की दहाव्या दिवशी नाव बापानं ठेवावं. शेतकऱ्या-कुणब्याच्या घरात हे विधी कितपत पोचले, ते सोडा. मधाचं बोट तर आता कुणीच लावू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते, म्हणून डॉक्टर तो देऊच देत नाहीत. पण नव्या जिवाच्या कानाशी पहिल्यांदा बापानं तोंड न्यावं, ही कल्पना मला फार आवडते.

मग लोकरीतीनं त्याला बाहेर का ठेवलं? मला याचं कारण बाईच्या विसाव्यात दिसतं. दहा दिवसांची सोयर आणि सव्वा महिन्याची बाळंतिणीची खोली, एवढाच काळ असा होता की तिला कुणी पाण्याला, सरपणाला, खुरपणीला धाडू शकत नव्हतं. नवऱ्याची हाकसुद्धा तिथवर पोचत नव्हती. ती आडकाठी बायांनी बायांसाठी उभी केली आणि तिनं पुष्कळ जणींना जपलं. तिला मी नावं ठेवणार नाही. फक्त आज बाळंतपण दवाखान्यात होतं, कागदावर सही करायला बाप लागतो, रात्री-अपरात्री रक्तासाठी, औषधासाठी धावायला बाप लागतो. दवाखान्यातून सुट्टी झाली की मात्र तो पुन्हा पाहुणा होतो.

‘पुरुषाच्या हाताला नाही जमायचं’ हे तर निफाड तालुक्यात कुणी म्हणूच नये. ऑक्टोबर छाटणीनंतर पुढचे चार महिने इथला माणूस द्राक्षाच्या घडाला किती जपतो, ते बघा. तो विरळणी करतो, एकेका घडाचं डिपिंग करतो, ढग दिसला की डावणी रोगाच्या धास्तीनं फवारणीला धावतो. थंडीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवत फिरतो. ज्याला एवढं जागरण आणि एवढी नजर आहे, त्याला तीन किलोचं लेकरू धरता येणार नाही?

धरता येतं, आणि धरावंही. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. त्या उबेनं बाळं तगली. आज ही पद्धत आपल्याकडच्या दवाखान्यांतही शिकवतात, आणि ती ऊब बापाच्या छातीचीही चालते. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेतून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं जे काम उभं केलं, त्यातून ही वाट देशभर गेली. ताई बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते. त्या वेळी बापानं शेजारी बसावं. धोक्याची लक्षणं त्यालाही कळली पाहिजेत, कारण रात्री गाडी काढायची ती त्यालाच.

आणखी एक काम त्याच्याशिवाय कुणाच्यानं होत नाही. मुलगी झाली की अजूनही एखाद्या घरात पेढ्यांचा बेत बदलतो, आवाज खाली येतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 894. त्या घडीला बापानं लेक उचलून छातीशी धरली आणि ‘माझी लेक आली’ असं सगळ्यांदेखत म्हटलं, की म्हातारी माणसंही गप्प होतात. आईनं तेच म्हटलं तर तिची समजूत घालतात. बापाचं ऐकतात.

राहिला प्रश्न वेळेचा. केंद्र सरकारी नोकराला 1997 पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. द्राक्षवाल्याला, टोमॅटोचे क्रेट घेऊन मार्केटला जाणाऱ्याला रजा कोण देणार? ती भावकीच देऊ शकते. चुलत्यानं फवारणीची पाळी घ्यावी, चुलतभावानं माल लिलावाला न्यावा, थोरल्या भावानं रात्रीची मोटर बघावी. आणि सासूबाईंनी बाळंतिणीच्या खोलीत जावयासाठी एक सतरंजी टाकावी. रात्री दोनला बाळ रडलं, आईनं पाजलं, की पाठ थोपटून ढेकर काढायला आणि लंगोट बदलायला तो तिथं असेल. बाळंतिणीला सलग तीन तास झोप लागेल.