योगदर्शन : आसनापलीकडचा स्वाध्याय



संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव संमत करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. २०१६ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत योगाचा समावेश केला. सामान्यज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेसाठी एवढा तपशील पुरेसा ठरतो. तथापि मैदानावर सतरंज्या अंथरून केली जाणारी आसने आणि षड्दर्शनांपैकी एक असलेले योगदर्शन यांचे नाते नेमके काय, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील तत्त्वज्ञान या वैकल्पिक विषयाच्या अभ्यासक्रमात योगाच्या नोंदीखाली चित्त, चित्तवृत्ती, क्लेश, समाधी आणि कैवल्य हे शब्द आहेत. आसनाचा तेथे उल्लेख नाही.

हे मूळ ग्रंथाला धरूनच आहे. पतंजलींच्या योगसूत्रांची संख्या १९५ (काही पाठांत १९६) असून ती समाधी, साधन, विभूती व कैवल्य अशा चार पादांत विभागलेली आहेत. त्यांपैकी आसनाचे प्रत्यक्ष विवेचन करणारी सूत्रे अवघी तीन! त्यांतही एकाही आसनाचे नाव नाही. बसणे स्थिर आणि सुखकर असावे, एवढीच अपेक्षा आहे. आसनांची सविस्तर वर्णने पुढे हठयोगाच्या परंपरेत आली. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेत सुमारे पंधरा, तर नंतरच्या घेरंडसंहितेत बत्तीस आसने आढळतात. आज परिचित असलेले आसनप्रधान स्वरूप बव्हंशी विसाव्या शतकात घडले. म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णम्माचार्यांनी दिलेले शिक्षण, १९२४ मध्ये लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेल्या कैवल्यधामातील प्रयोगशाळेचे संशोधन आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचा १९६६ चा ग्रंथ हे त्या घडणीतील ठळक टप्पे होत. अर्थात, शरीराची साधना गौण होती असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे ठरेल. स्वतः अय्यंगारांनी योगसूत्रांवरही भाष्य लिहिले, हे पुष्कळदा विसरले जाते.

योगदर्शनाचा तात्त्विक पाया सांख्याचा आहे. पुरुष म्हणजे शुद्ध चैतन्य आणि प्रकृती म्हणजे त्रिगुणात्मक जड तत्त्व. सांख्यांची पंचवीस तत्त्वे योग मान्य करतो आणि त्यांत ईश्वराची भर घालतो. म्हणूनच त्याला 'सेश्वर सांख्य' असेही म्हणतात. येथे विद्यार्थ्यांची एक चूक वारंवार होते. चित्त म्हणजे आत्मा असे ते गृहीत धरतात. वास्तविक चित्त हे प्रकृतीचेच कार्य आहे, जडच आहे. पुरुषाच्या सान्निध्यामुळे ते चेतन भासते.

चित्ताच्या वृत्ती पाच : प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. खोटे ज्ञान, म्हणजे विपर्यय, या यादीत असणे स्वाभाविक वाटते. पण प्रत्यक्ष, अनुमान व आगम यांतून मिळणारे खरे ज्ञानही निरोध करावयाच्या वृत्तींतच गणले आहे. सत्यज्ञान त्याज्य आहे, असा याचा अर्थ नाही. ज्ञान खरे असो वा खोटे, ते चित्तावर उमटणारे रूप आहे, पाहणारा त्याहून वेगळा आहे, असा हा विचार आहे. विकल्प म्हणजे वस्तू नसताना केवळ शब्दांमुळे होणारा बोध. सशाचे शिंग हे त्याचे रूढ उदाहरण. निद्रेचा समावेश तर अधिकच विचारप्रवर्तक आहे. गाढ झोपेत काहीच जाणवत नसेल, तर जागे झाल्यावर 'छान झोप लागली' असे मनुष्य कशाच्या आधारे म्हणतो? स्मरण आहे त्याअर्थी अनुभव होता, म्हणून निद्राही वृत्तीच, असा भाष्यकार व्यासांचा युक्तिवाद आहे.

क्लेशही पाच : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष व अभिनिवेश. अविद्या ही उरलेल्या चारांची भूमी. अस्मितेचा अर्थ मराठीत आता अभिमान किंवा ओळख असा झाला आहे. योगदर्शनात मात्र पाहणारा आणि पाहण्याचे साधन यांना एकच समजण्याची ती चूक आहे. निकालपत्रावरील आकडा आपल्या बुद्धीच्या एका दिवसाच्या कामाचा असतो. उमेदवार मात्र तो स्वतःचाच आकडा मानून बसतो. वर्षानुवर्षे परीक्षा देणाऱ्यांना ही अस्मिता फार महाग पडते.

आता स्वाध्यायाविषयी. शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान या पाच नियमांत तो येतो आणि त्यांपैकी शेवटच्या तिघांना मिळून क्रियायोग ही संज्ञा आहे. वैदिक काळी आपल्या शाखेच्या वेदाचे नित्य पठण असा त्याचा अर्थ होता. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत प्रत्येक कर्तव्यासोबत स्वाध्याय आणि प्रवचन, म्हणजे शिकणे आणि शिकवणे, यांची जोडी सांगितली आहे. व्यासभाष्यानुसार प्रणवादी मंत्रांचा जप आणि मोक्षशास्त्रांचे अध्ययन म्हणजे स्वाध्याय. 'स्वतःचे अध्ययन' हा आज लोकप्रिय असलेला अर्थ आधुनिक विवेचकांनी पुढे आणला. तो त्याज्य नाही, परंतु उत्तरपत्रिकेत तो भाष्यकारांच्या नावावर खपवू नये. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत धड्याच्या शेवटी 'स्वाध्याय' या शीर्षकाखाली प्रश्न असतात. शिक्षकांचे शिकवून झाल्यावर विद्यार्थ्याने स्वतः करावयाचे काम, ही त्यामागची कल्पना प्राचीन अर्थापासून फार दूर गेलेली नाही.

अशा अभ्यासात येणाऱ्या नऊ अंतरायांची नोंद समाधिपादात आहे : व्याधी, स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती म्हणजे विषयांची ओढ न सुटणे, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व म्हणजे अपेक्षित टप्पा हाती न लागणे आणि अनवस्थितत्व म्हणजे लाभलेला टप्पा न टिकणे. त्यांच्यासोबत दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाची विषमता येते. परीक्षागृहात प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वीची काही मिनिटे ज्याने अनुभवली आहेत, त्याला या लक्षणांचे निराळे स्पष्टीकरण नको.

चित्त प्रसन्न राखण्याचे जे उपाय तेथे पुढे येतात, त्यांत सुखी माणसाशी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि अपुण्यवंताविषयी उपेक्षा या चार भावना आहेत. अभ्यासिकेत तीन वर्षे शेजारी बसणाऱ्या मित्राचे नाव निवड यादीत आले आणि स्वतःचे आले नाही, त्या संध्याकाळी त्याला अभिनंदनाचा फोन करावयाचा असतो; तेव्हा मैत्री आणि मुदिता या शब्दांची कसोटी लागते. ग्रंथाच्या क्रमात हे सूत्र पहिल्या पादात, साधारण तेहतिसावे आहे. आसनाचे पहिले सूत्र दुसऱ्या पादात सेहेचाळिसाव्या स्थानी येते.