दुखण्यांचीं इंग्रजी नांवें



"मला मायग्रेन आहे" असें म्हटलें कीं दुखणें कसें शास्त्रशुद्ध वाटतें. आजीची 'अर्धशिशी' मात्र अडाणी ठरते. या दोन शब्दांचीं कुळें ताडून पाहूं. ग्रीक भाषेंत 'हेमि' म्हणजे अर्धें व 'क्रानिऑन' म्हणजे कवटी. हा 'हेमिक्रानिआ' शब्द लॅटिनमधून फ्रेंच भाषेंत येतां येतां आरंभींचें अक्षर गमावून बसला. तोच पुढें इंग्रजांनीं घेतला. अर्थ काय? अर्धें डोकें! अर्धशिशीहून रतिभरही अधिक ज्ञान त्यांत नाहीं.

'कोल्ड' म्हणजे थंड. आपली 'सर्दी' ज्या फारसी 'सर्द' शब्दापासून आली, त्याचाही अर्थ तोच. दोन्ही भाषांनीं आळ थंडीवरच घेतला. विषाणूंची ओळख फार मागाहून पटली.

'इन्फ्लुएंझा'ची गोष्ट याहून मौजेची आहे. या इटालियन शब्दाचा अर्थ 'प्रभाव', आणि तोही ग्रहताऱ्यांचा! १७४३ सालीं इटलींत या तापाची सांथ आली, तेव्हां तो इंग्रजींत शिरला. माणसांतील या रोगाचा विषाणू १९३३ सालीं लंडनमध्यें हातीं लागला. नांव मात्र ग्रहांचेंच राहिलें. आजीच्या 'ग्रहदशे'ला हंसून "मला फ्ल्यू झाला" म्हणणारा नातू नकळत ग्रहांनाच बोल लावीत असतो!

तेव्हां उपचार आजच्या ज्ञानाचा अवश्य घ्यावा. परंतु डॉक्टरांसमोर आजी 'अर्धशिशी' म्हणाली, तर तिला मध्येंच थांबवूं नये. दुखण्याची जागा तिनें ग्रीकांइतकीच नेमकी सांगितलेली असते.