त्रासाचा उतार



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत अर्थकारण, समाजसुधारणा, विज्ञान, वाङ्मय अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आम्ही मात्र आज आमच्या गल्लीविषयी बोलणार आहोत. घरी हा विषय सांगितला तेव्हा मंडळी हसली. "नळाला पाणी येत नाही हे ऐकायला लोक ऐन उन्हाळ्यात घराबाहेर कशाला पडतील? ते घरी बसूनही कळतं की!" असा आम्हांला घरचा आहेर मिळाला. आक्षेप खरा आहे. तरीही आम्ही विषय बदलला नाही. आयुष्यातले मोठे प्रश्न वर्षातून एखादे वेळी दार ठोठावतात. लहान प्रश्न मात्र रोज पहाटे पाच वाजता उठवतात. आणि पहाटे पाच वाजता माणूस कसा वागतो यावरून त्याच्या नागरिकत्वाची परीक्षा होते, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. ते का, हेच सांगायचे आहे.

आमची गल्ली पेठेतली. अकरा घरे. जुने वाडे पडून त्या जागी चारमजली इमारती उभ्या राहिल्या; दोन वाडे अजून टेकू देऊन उभे आहेत. या गल्लीत तक्रारींची वाण कधीच नव्हती. पाणी कमी येते, कोपऱ्यावर कचरा साठतो, मांडवातला कर्णा झोपू देत नाही, कोणाची तरी दुचाकी दुसऱ्याच्या दारात उभी असते. या तक्रारी आम्ही अनेक वर्षे केल्या आणि ऐकल्या. त्या करताना आमची समजूत अशी होती की, त्रास हा पावसासारखा वरून सर्वांवर सारखाच पडतो. सगळेच भिजतात, सगळेच कुरकुरतात, आणि वरच्याने काही केल्याशिवाय तो थांबत नाही. ही समजूत चुकीची होती. त्रास वरून पडत नाही. तो उताराने वाहतो. आपण आपल्या दारातून तो पुढे लोटतो आणि जो सर्वांत खालच्या अंगाला असतो त्याच्या दारात तो साठतो. हे आम्हांला शिकवले ते पाण्याने.

पाणी आणि उतार यांचे नाते या शहराला जुने आहे. पेशवाईत, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळातून शहरात आणले गेले आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडले गेले. त्याला ना मोटर होती ना पंप. जमिनीच्या उतारानेच पाणी शनिवारवाड्यापर्यंत येई. पण हौद भरला म्हणजे तो सर्वांचा झाला, असे नव्हते. कोणी हौदावर यावे आणि कोणी दूर उभे राहावे हे जातीने ठरवले होते. जमिनीचा उतार निसर्गाने दिला होता. हा दुसरा उतार माणसांनी बांधला होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला. पुढे १८७६ साली ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद झाले. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी घरचा हौद, मग नगरपालिका. आपण बहुतेक जण उलट क्रमाने जातो. नगरपालिकेने काय करावे हे आपल्याला तोंडपाठ असते, आणि घरच्या हौदापर्यंत विचार पोहोचतच नाही.

आमचा स्वतःचा हौद म्हणजे गच्चीवरची टाकी. गल्लीतला नळ तोंडाकडून टोकाकडे जातो. पाणी सुटले की ते दाबाने पुढे सरकते. तोंडाशी असलेल्या घरांना आधी आणि भरपूर मिळते, टोकाच्या घराला शेवटी आणि थोडे. आमचे घर तोंडाकडून तिसरे. एका उन्हाळ्यात पाणी कमी झाले तेव्हा आम्ही शेजाऱ्यांचे पाहून नळालाच अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर जोडली. नळाला अशी थेट मोटर लावण्यास मनाई आहे हे आम्हांला ठाऊक होते. पण "सगळेच लावतात" हे वाक्य असे आहे की, ते एकदा उच्चारले म्हणजे मनाई ऐकू येत नाही. टाकी अर्ध्या तासात भरू लागली आणि आमच्यापुरता पाणीप्रश्न सुटला.

गल्लीच्या टोकाच्या घरात एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सारी गल्ली त्यांना बाई म्हणते. त्याच सुमारास बाई अधूनमधून सकाळी बादली घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. "आज करंगळीएवढीसुद्धा धार नाही हो. दोन बादल्या मिळतील का?" आम्ही म्हणायचो, "बाई, विचारता काय? आपलंच घर आहे." आमचा मुलगा बादल्या उचलून त्यांच्या घरी पोहोचवी. श्रोतेहो, त्या दिवसांत आम्हांला स्वतःविषयी फार बरे वाटत असे. शेजारधर्म अजून जिवंत आहे आणि तो आमच्या घरी राहतो, अशी आमची भावना होती. हे दोन वर्षे चालले.

एकदा आम्ही बाईंचा नळ तपासायला प्लंबर घेऊन गेलो. तोही आमच्याच खर्चाने. उपकारात कसूर नको! त्याने नळ उघडला तर बारीक धार येत होती. तेवढ्यात ती थांबली आणि नळातून हवा ओढल्याचा आवाज येऊ लागला. प्लंबर म्हणाला, "काका, तळहात लावून बघा." आम्ही नळाच्या तोंडाला तळहात लावला. नळाने तो आत ओढला. "पुढं कुणीतरी मोटर चालू केली," तो म्हणाला. आम्ही घड्याळ पाहिले. सव्वापाच वाजले होते. आमच्या घरची मोटर सव्वापाचला सुरू होते.

त्याने नंतर जे सांगितले तेही ऐकण्यासारखे आहे. थेट मोटर लावली की नळातला दाब नाहीसा होतो; टोकाकडचा नळ पाणी देण्याऐवजी स्वतःच ओढू लागतो. जमिनीखाली नळ कोठे फुटलेला असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ती घाणही त्या ओढीने आत येते. म्हणजे बाईंच्या वाट्याचे पाणी आम्ही घेत होतोच; वर जे थोडे त्यांच्याकडे पोहोचे त्यात दोष शिरण्याची वाटही आम्हीच मोकळी केली होती. आणि त्यांच्याच पाण्याच्या दोन बादल्या त्यांना देऊन आभार घेत होतो.

आम्ही त्या संध्याकाळी बाईंकडे जाऊन हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. पहाटे तुमची मोटर घुं करते आणि माझा नळ जातो. एवढं गणित मी चौथीच्या मुलांना शिकवलंय." आम्ही विचारले, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?" त्यावर त्या जे म्हणाल्या ते आमच्या मनातून अजून जात नाही. "ज्याच्या दारात बादली घेऊन जायचं, त्याच्याशी भांडायचं कसं?"

आमच्या सबंध भाषणातले महत्त्वाचे वाक्य हे एवढेच, आणि ते आमचे नाही. गल्लीत सर्वांत मोठ्याने तक्रार करतो तो सर्वांत अधिक सोसणारा असतोच असे नाही. सोसणारा बहुधा गप्प असतो, कारण त्याला त्रास देणाऱ्याचीच गरज असते.

एकदा हे ध्यानात आल्यावर गल्लीतले बाकीचे त्रासही आम्हांला वेगळे दिसू लागले. आवाजाचे घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर कर्णे वाजवण्यास बंदी केली. ठरावीक सणांना सरकार सवलत देऊ शकते ती निराळी. पंचावन्न आणि पंचेचाळीस यांत फरक दहाचाच दिसतो. पण डेसिबलची मोजणी अशी आहे की, दहाने वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. हे झाले नियमाचे. आता मांडवाजवळ जाऊन पाहा. कर्ण्याचे तोंड कोणीकडे असते? ते नेहमी दुसऱ्याच्या घराकडे असते. लावणारे त्याच्या पाठीमागे उभे असतात. आम्ही यात निर्दोष नाही. आमच्या घरच्या मुंजीत वाजंत्री आम्हीही रस्त्याकडे तोंड करून बसवली होती, आणि समोरच्या घरात त्या आठवड्यात एक मुलगी परीक्षेचा अभ्यास करीत होती. तिच्या आईने आम्हांला येऊन आहेर दिला. तक्रार कशी करणार? तिला आमंत्रण होते!

कचऱ्याची कथा याहून लांब पल्ल्याची आहे. आमच्या कोपऱ्यावर पिशव्यांचा ढीग साठतो. "लोकांना काही शिस्तच नाही" असे म्हणत आम्ही एकदा त्याचे छायाचित्र काढायला गेलो, तर फुटलेल्या एका पिशवीतून आमच्याच नावाचा विजेच्या बिलाचा कागद डोकावत होता. त्या दिवशी कचरा घ्यायला येणाऱ्या ताई आल्या तेव्हा आम्ही झोपलो होतो. नंतर कोणीतरी घरातून पिशवी नेऊन टाकली. छायाचित्र काढले नाही हे सांगायला नकोच.

या शहरात कचरावेचक कष्टकऱ्यांनी १९९३ साली आपली संघटना उभारली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. २००८ पासून महापालिकेशी करार करून तिच्या सभासदांनी दारोदार कचरा गोळा करण्यास आरंभ केला. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यावा असे सांगितले. वापरलेले सॅनिटरी पॅड व लंगोट कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका करून द्यावेत, एवढी साधी विनंतीही या शहरात केली गेली. ठिपका काढायला घरातल्या माणसाला पाच सेकंद लागतात. तो काढला नाही तर ते गाठोडे काय आहे हे कोणाला तरी हाताने उघडून पाहावे लागते. आपले पाच सेकंद वाचतात ते असे दुसऱ्याच्या हातांतून वसूल होतात.

आणि उतार तेथेही संपत नाही. पेठेतून, उपनगरांतून उचललेला कचरा वर्षानुवर्षे शहराच्या पूर्वेस उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत नेऊन टाकला गेला. आपली जमीन, आपले पाणी नासले म्हणून तेथील ग्रामस्थांनी पुन्हापुन्हा गाड्या अडवल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागल्यावर त्यांनी कचरा येऊ दिला नाही, तेव्हा शहरात ढीग साठले. त्या दिवसांत आमच्या गल्लीत सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न होता: "हे लोक आडमुठेपणा कधी सोडणार?" आमची घाण थोडे दिवस आमच्याच दारात राहिली, तर ती आम्हांला असह्य झाली होती. तीच घाण त्यांच्या दारात राहत होती तेव्हा शहर स्वच्छ आहे असे आम्ही म्हणत होतो.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे नागरिकांनी आपसांत गोड बोलावे आणि महापालिकेला मोकळे सोडावे असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. अकरा घरांचा सज्जनपणा धरणातले पाणी वाढवत नाही, आणि शहराच्या कचऱ्याची योजना गल्लीत ठरत नाही. कर आपण भरतो, काम मागण्याचा हक्क आपला आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधली तीन वर्षांहून अधिक काळ शहरात निवडलेला नगरसेवक नव्हता. तक्रार न्यायची तर कोणाकडे, हा प्रश्न तेव्हा किती जणांना पडला असेल! नगरसेवक हवाच. पण त्याच्याकडे जाताना आपण काय घेऊन जातो, हेही पाहिले पाहिजे. आमच्या नळाला कमी येते, एवढेच सांगायला गेलो तर फार तर आमचा नळ मोठा होईल, आणि बाईंचा आणखी बारीक.

आता आम्ही काय केले ते सांगून पुरे करतो. मोटर काढली. तळाशी एक टाकी बसवली. नळाचे पाणी त्यात आपल्या दाबाने पडते आणि मोटर त्या टाकीतून वर चढवते. खर्च आला, आणि आता उन्हाळ्यात आम्हांलाही पाणी जपून वापरावे लागते. मग आम्ही घरोघर गेलो. सात घरांनी थेट मोटर लावली होती, आमच्यासकट. चौघांनी काढली. तिघांनी काढली नाही. त्यांतले एकजण आमच्याशी अजून बोलत नाहीत. त्यानंतर गल्लीने मिळून पाण्याचा एक अर्ज केला. अर्ज लिहून झाल्यावर सही कोणी आधी करायची यावर नेहमीचा मानपानाचा घोळ सुरू झाला. तेव्हा समोरच्या घरातली ती परीक्षेवाली मुलगी म्हणाली, "पहिली सही टोकाच्या घराची असू दे." तसे झाले. अर्जात पहिला प्रश्न आपोआप बदलला. आधी लिहिले होते, "गल्लीत पाणी कमी येते." बाईंनी लाल शाईने ते खोडून लिहिले, "शेवटच्या घरापर्यंत पाणी पोहोचत नाही." नळ तपासला गेला, मधला एक गंजलेला तुकडा बदलला गेला.

बाईंच्या नळाला आता सकाळी वीस मिनिटे धार येते. ती पुरेशी नाही. पण त्या बादली घेऊन आमच्याकडे येत नाहीत, आणि मागच्या महिन्यात आमची दुचाकी त्यांच्या फाटकाशी आडवी लागली होती तेव्हा त्यांनी आमच्या दारात उभे राहून आम्हांला खणखणीत शब्दांत सुनावले. आम्हांला त्याचा आनंद झाला, हे येथे जाहीरपणे सांगायला हरकत नाही. दुचाकी मात्र आम्ही लगेच हलवली.